सहीचा अधिकार

विवाह जुळविताना आपण घराणे पाहतो, शिक्षण पाहतो, मानपानाची चर्चा करतो. परंतु उद्या ही दोघे विभक्त झाली तर राहते घर कोणाचे, हा प्रश्न बैठकीत कोणी उच्चारीत नाही. तो अशुभ वाटतो. गोव्यातील कायद्याने मात्र हा अशुभ प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच विवाहाच्या उंबरठ्यावर आणून ठेवला.

पोर्तुगालची दिवाणी संहिता 1867 साली मंजूर झाली. तिचा मसुदा सियाब्रा या कायदेपंडिताने सिद्ध केला होता. 1 जुलै 1870 पासून ती गोव्यात लागू झाली. वधूवरांनी विवाहापूर्वी करार करून आपापली मिळकत वेगळी ठेवावी, केवळ विवाहोत्तर कमाई समाईक करावी, अथवा हुंड्याच्या पद्धतीने व्यवस्था लावावी, अशी तीत मोकळीक होती. करार केलाच नाही तर माहेरची आणि सासरची, स्थावर आणि जंगम, सारी मिळकत एक होऊन प्रत्येकाचा तीत निम्मा वाटा ठरे. विवाह लागल्यावर मात्र हा करार फिरविता येत नसे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मजुरीवर हक्क देणारा कायदा झाला, तोही त्याच 1870 साली, हे येथे ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ गोव्यात समता नांदत होती असा नव्हे. निम्मी मिळकत पत्नीची असली तरी सगळीचा कारभार पतीच्या हाती होता. विभक्त होण्याची कारणेही दोघांना सारखी नव्हती. पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पतीला पुरे, तर पतीच्या व्यभिचाराला जाहीर बोभाट्यासारखी जोड लागे.

तरीही एक दोर पत्नीच्या हाती राहिला. तिच्या संमतीवाचून पतीला स्थावर मिळकत विकता येत नसे. श्रोतेहो, या अटीचे मोल कलहाच्या दिवसांत कळते. भांडण घरात सुरू होते आणि न्यायालयात पुष्कळ उशिरा पोचते. मधल्या काळात भाट भावाच्या नावे होते, शेत मित्राला विकले जाते, आणि वाटणीच्या वेळी वाटण्यासारखे काही उरतच नाही. ही वाट पत्नीची सही अडवीत असे. शिवाय, पतीच्या गैरकारभाराने मिळकत बुडू लागल्यास, विवाह न मोडता केवळ मिळकत विभक्त करून मागण्याची सोयही पत्नीला होती.

पुढे 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि घटस्फोटाचा कायदा झाला. तो गोव्यातही आला. परंतु 1946 च्या हुकमाने चर्चमध्ये विवाह करणाऱ्या कॅथलिकांना ते दार बंद झाले. विवाहातून बाहेर पडण्याची वाट अरुंद झाली म्हणजे मिळकतीवरील सही अधिकच मोलाची ठरते, हे आम्हां कॅथलिकांच्या घरांत तरी समजावून सांगावे लागू नये.

1961 साली गोवा मुक्त झाला. 1962 च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. पोर्तुगालने 1967 पासून नवी संहिता स्वीकारली; जुनी तेथे संपली, गोव्यात उरली. तिच्यातील वारसाहक्काचा भाग 2012 च्या अधिनियमाने नव्याने मांडला. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली गोव्याच्या या समान कायद्याचा गौरवाने उल्लेख केला.

गौरव योग्यच आहे. परंतु अधिकार कागदावर असणे निराळे आणि तो बजावणे निराळे. प्रगतिपुस्तकावरील पालकांच्या सह्या मी वर्षानुवर्षे पाहतो. आत काय लिहिले आहे ते न पाहता केलेली सही तत्काळ ओळखू येते. खरेदीखतावर, कर्जाच्या कागदावर, मुखत्यारपत्रावर अशीच सही झाली, तर कायद्याने दिलेला निम्मा वाटा आपणच आपल्या हाताने सोडून दिलेला असतो. म्हणून कागद वाचावा, न कळल्यास जाणत्याकडून समजून घ्यावा, प्रत आपल्यापाशी ठेवावी. हा अविश्वास नव्हे. ज्या घरात असा कागद उभयतां मिळून वाचतात, त्या घरात वाटणीचा प्रसंग सहसा येत नाही.