पांढरीतली चूल

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहा असे सांगण्यात आले, तेव्हा मी घाबरलेच. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहावा? मग मनात आले, इतिहास केवळ राजांचा नसतो, चुलीचाही असतो. म्हणून हे धाडस केले आहे.

आपल्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो लेख विद्वानांनी वाचला, म्हणून त्या घराण्याचे यज्ञ व दानधर्म आपल्याला कळले. पण त्याच्याही आधी जी बाई दळीत होती, रांधीत होती, तिचे नाव दगडावर कोणी कोरले? तिची हकिगत मातीतूनच काढावी लागते.

आपल्या मीना नदीचे पाणी पुढे घोड नदीला मिळते. त्याच घोडेच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर यांनी ते काम पाहिले. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे आपणांस ठाऊकच आहे. राख, शेण आणि पडलेल्या भिंती यांनी माती पांढुरकी होते.

हे लोक विहीर खणल्यासारखे खणत नाहीत. चौकोन आखतात, लहान हत्याराने व ब्रशाने मातीचा एकेक थर उतरवतात आणि कोणत्या थरात काय सापडले ते लिहून ठेवतात. खालचा थर जुना, वरचा नवा. जमिनीत ओळीने गोल काळपट खळगे दिसले, तर तेथे घराच्या मेढी होत्या हे कळते. चुलीतल्या कोळशावरून काळही समजतो. झाड मेले की त्यातला एका जातीचा कार्बन कमी होत जातो आणि ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. आपल्या खोडदच्या दुर्बिणी उभारणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतही पूर्वी असे कोळसे तपासले गेले.

अशा रीतीने इनामगावची वस्ती इ. स. पूर्वी १६०० ते ७०० या काळातली ठरली. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. घरात चुली होत्या, धान्याच्या कणगी होत्या, जळालेले जवाचे दाणे होते. तांबूस भांड्यांवर काळी नक्षी होती. ती भांडी इतकी पक्की भाजलेली, की वाजवली तर खणखणीत बोलतात. आपणही मडके वाजवूनच घेतो ना?

एक गोष्ट वाचून मात्र माझे डोळे भरून आले. तान्ही मुले दगावली, तर ती दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. का, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. मला वाटते, लेकरू घराबाहेर एकटे ठेवणे त्या आईच्या जिवावर आले असेल.

पुढे पाऊस कमी झाला असे विद्वान म्हणतात. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

आता माझी एक चूक सांगते. लग्नापूर्वी माहेरी घर सारवण्यासाठी आम्ही पांढरीची माती आणली होती. तीत काळ्या रेघांचे एक तांबूस खापर निघाले. मी ते उकिरड्यावर फेकले. ते कोणत्या काळचे होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. खत म्हणून गाड्याच्या गाड्या पांढरी शेतात जाते, तेव्हा अशी किती घरे मोडत असतील!

म्हणून विनंती एवढीच. नक्षीचे खापर, मणी, दगडी हत्यार सापडले तर जागा लक्षात ठेवावी, तेथे आणखी उकरू नये आणि शाळेतल्या गुरुजींना किंवा ग्रामपंचायतीत कळवावे. राणीचा लेख दगडात आहे, तो टिकेल. आपल्यासारख्या बायकांचा लेख मातीत आहे. तो आपणच जपला पाहिजे.