लबानोनाचे गंधसरू: तोडणारे हात आणि राखणारे हात



लबानोनाच्या गंधसरूचे नाव आपल्या कानांवरून किती वेळा गेले असेल! नीतिमान माणूस कसा वाढतो हे सांगताना स्तोत्रकर्त्याला हेच झाड आठवते. दुसऱ्या एका स्तोत्रात तर ही झाडे परमेश्वराने स्वतः लावली असे म्हटले आहे. आपण ही स्तोत्रे भक्तिभावाने म्हणतो, पण गंधसरू पाहिलेला माणूस आपल्यात क्वचितच सापडेल.

आमच्या धर्मग्रामात शनिवारी संध्याकाळी बायबलचा वर्ग भरतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा पाचवा अध्याय चालू होता. शलमोन राजाने मंदिरासाठी लबानोनाहून लाकूड आणवले, तो भाग वाचून झाला आणि मागच्या बाकावरून एका आजींनी विचारले, "ही झाडं अजून आहेत का हो, की देवळालाच संपली?" सगळे हसले. मग लक्षात आले की उत्तर कोणापाशीच नाही. त्यानंतर आम्ही जे वाचले, शोधले, ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. बायबलमधले लबानोन म्हणजे आजचा लेबनॉन देश, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा. किनाऱ्याला लागूनच उंच डोंगररांगा आहेत, हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ पडतो, आणि तिथे गंधसरू उगवतो. आपल्या हिमालयातला देवदार हा त्याचाच सख्खा नातलग. गंधसरू तीस-पस्तीस मीटर उंच जातो आणि वय झाले की त्याच्या फांद्या आडव्या पसरतात. लाकूड सुवासिक, राळ असलेले आणि टिकाऊ असते, त्याला कीड सहसा लागत नाही. मात्र झाड वाढते फार सावकाश. त्याला बी धरायलाच सुमारे चाळीस वर्षे लागतात. म्हणजे आज रोप लावणाऱ्याने त्याचे बी पाहण्याची आशा फारशी धरू नये.

असे लाकूड जवळपासच्या कोणत्याच राजाला सोडवेना. इजिप्तमध्ये लाकडाची मोठी टंचाई होती. गिझाच्या थोरल्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये खुफू राजाचे एक जहाज जमिनीखाली सापडले. त्रेचाळीस मीटरहून अधिक लांबीचे आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे जहाज मुख्यतः लबानोनाच्या गंधसरूचे आहे. अश्शूरच्या सार्गोन राजाने आपल्या राजवाड्याच्या भिंतीवर समुद्रातून ओंडके वाहून नेणाऱ्या नावा कोरून घेतल्या. ते शिल्प आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने तर लेबनॉनमधल्याच एका दरीतील खडकावर लेख कोरवला आणि डोंगर फोडून, रस्ता काढून आपण गंधसरू कसे नेले याची फुशारकी लिहून ठेवली.

आणि आपला शलमोन? ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातली ही गोष्ट. सोरचा राजा हीराम याच्याशी त्याने करार केला. हीरामाची माणसे झाडे तोडत, ओंडक्यांचे तराफे बांधून समुद्रमार्गे पाठवत. मोबदल्यात शलमोन दरवर्षी वीस हजार कोर गहू आणि शिवाय तेल देई. त्याने इस्राएलातून तीस हजार माणसे वेठीला धरली होती. दरमहा दहा हजार लबानोनात जात, एक महिना तिथे राबत आणि दोन महिने घरी राहत. मंदिराला सात वर्षे लागली. आतून सगळे गंधसरूने मढवले होते, दगड कुठे दिसत नव्हता. पुढे राजाने स्वतःच्या वाड्याला तेरा वर्षे घालवली. त्यातल्या एका इमारतीत गंधसरूचे इतके खांब होते की तिला 'लबानोनाचे वनगृह' असे नाव पडले.

इथे आम्ही वर्गात थांबलो. देवाचे घर सात वर्षे आणि राजाचे तेरा! कुऱ्हाड देवाच्या नावाने उचलली गेली, पण ती देवाच्या कामापाशी थांबली नाही. मंदिरही टिकले नाही. चारेकशे वर्षांनी बाबेलच्या सैन्याने ते जाळले. परत आलेल्या लोकांनी दुसरे मंदिर बांधायला घेतले, तेव्हा पुन्हा लबानोनाहूनच लाकूड आणले, हे एज्राच्या पुस्तकात आहे.

पण संदेष्टे गप्प बसले नव्हते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. यशयाने बाबेलच्या राजाच्या पतनाचे चित्र रंगवले, तेव्हा त्या आनंदात त्याने लबानोनाच्या झाडांनाही सामील केले. आता आमच्यावर कुऱ्हाड घेऊन कोणी येत नाही, म्हणून झाडे हर्ष करतात, असे तो सांगतो. हबक्कूक तर बजावतो की लबानोनावर केलेला जुलूम जुलूम करणाऱ्यावरच उलटेल. झाडांवरचा अत्याचार देवाच्या हिशेबात मांडला जातो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झाले आहे.

आता राखणाऱ्यांकडे वळू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमचा सम्राट हेड्रियन याने लेबनॉनच्या डोंगरांतील खडकांवर लॅटिन अक्षरे कोरवली. असे सुमारे दोनशे लेख सापडले आहेत. फ्रेंच अभ्यासक अर्नेस्ट रेनाँ यांनी १८६०-६१ मध्ये त्यांतल्या अनेकांची नोंद केली. लेखांचा आशय थोडक्यात असा: चार जातींची झाडे सम्राटाची, बाकीची लोकांची. ही जंगल राखण्याची फार जुनी सरकारी आज्ञा म्हणता येईल. पण सम्राटाने झाडे राखली ती स्वतःच्या वापरासाठी. मालक गेला, साम्राज्य मोडले, खडकावरची अक्षरे राहिली आणि कुऱ्हाडी परत आल्या.

उत्तर लेबनॉनमध्ये कादिशा नावाची खोल दरी आहे. कादिशा म्हणजे पवित्र. तिथल्या कड्यांतील गुहांमध्ये ख्रिस्ती तपस्वी शतकानुशतके राहिले. मारोनाइट ख्रिस्तसभेच्या पेट्रिआर्कांचे, म्हणजे प्रमुख धर्माध्यक्षांचे, आसन पंधराव्या शतकापासून याच दरीत कन्नूबीनच्या मठात होते. दरीच्या माथ्यावर, बशर्री गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे मीटर उंचीवर गंधसरूंची एक राई उरली. लोक तिला 'अर्ज़ अर-रब्ब' म्हणतात, म्हणजे प्रभूचे गंधसरू. झाड तोडणाऱ्याला पेट्रिआर्क बहिष्काराचा धाक घालीत, असे युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. प्रभूच्या रूपांतराच्या सणाला, ऑगस्ट महिन्यात, या झाडांखाली मिस्सा होण्याची जुनी प्रथा आहे. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवरायांची इथे आठवण होते. गावाने श्रद्धेने राखले म्हणून तिथली झाडे उरली. बशर्रीकरांनीही तेच केले.

तरीही राई घटतच गेली. पिएर बेलाँ हा फ्रेंच प्रवासी सोळाव्या शतकाच्या मध्यास तिथे गेला, त्याने अठ्ठावीस जुने वृक्ष मोजले. १६९७ मध्ये हेन्री मॉन्ड्रेल या इंग्रज धर्मगुरूला सोळाच दिसले. १८१० मध्ये बुर्कहार्टने सर्वांत जुने म्हणून अकरा-बारा नोंदवले. मोजणाऱ्यांची नजर या पुराणपुरुषांवरच खिळली होती. १८६० मध्ये जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ आले. त्यांना लहानमोठी मिळून चारेकशे झाडे आढळली, पण त्यांनी खाली वाकूनही पाहिले. एकही कोवळे झाड नव्हते. दोन वर्षांचे रोपसुद्धा नव्हते.

आम्हाला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली. राई उभी होती, यात्रेकरू येत होते, मिस्सा होत होती, आणि राई आतून संपत चालली होती. बी पडत होते, रुजतही होते, पण कोवळा शेंडा वर आला की डोंगरात चरणाऱ्या बकऱ्या तो खाऊन टाकत. कुऱ्हाडीचा आवाज दूरवर ऐकू येतो, बकरीच्या तोंडाचा येत नाही. म्हातारे वृक्ष पूजेला ठेवायचे आणि रोपाकडे बघायचे नाही, अशाने जंगल टिकत नाही.

उपाय साधा निघाला. १८७६ मध्ये राईभोवती उंच दगडी भिंत बांधली गेली. त्या वेळी या पर्वतप्रदेशाचा कारभार ऑटोमन सत्तेच्या वतीने रुस्तम पाशा पाहत होता, आणि भिंतीसाठी पैसा इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने दिला. हेड्रियनच्या खडकांनी माणसांना बजावले होते की हे माझे आहे. या भिंतीने फक्त बकऱ्यांना बाहेर ठेवले आणि आत रोपांना वेळ मिळाला.

संकटे त्यानंतरही आली. पहिल्या महायुद्धात ऑटोमन सैन्याने आगगाड्यांच्या जळणासाठी लेबनॉनची जंगले तोडली. १९४३ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि स्वतंत्र देशाच्या झेंड्यावरही गंधसरू राहिला. पुढे १९७५ ते १९९० यादवी युद्ध चालले. ते शमल्यावर १९९६ मध्ये शूफ भागातील डोंगर कायद्याने राखीव झाले. लेबनॉनमधील उरलेल्या गंधसरूंपैकी सुमारे चौथा हिस्सा तिथे आहे. कादिशा दरी आणि प्रभूचे गंधसरू यांना १९९८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तेव्हा आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे: होय, झाडे आहेत. तुर्कस्तानच्या तोरोस पर्वतात तर त्यांची मोठी जंगले आहेत. पण लेबनॉनमध्ये पूर्वीच्या विस्ताराचे तुकडेच उरले आहेत, आणि ही जात आज जगाच्या धोकाग्रस्त यादीत आहे. आता एक असे संकट आहे ज्याला भिंत अडवू शकत नाही. गंधसरूचे बी नीट रुजायला हिवाळ्याची थंडी आणि बर्फ लागते. हवा तापत चालली तशी बर्फाचे दिवस कमी होत आहेत. तन्नूरीनच्या राईत १९९० च्या दशकात एका किडीने झाडांची पाने फस्त केली, आणि तिच्या वाढीचा संबंध अभ्यासकांनी याच बदलाशी जोडला. ही उष्णता कोण्या एका राजाने आणलेली नाही. आपल्या सर्वांच्या गाड्या, कारखाने आणि विजेचा वापर मिळून ती वाढते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले, ते यासाठीच.

आता एक कबुली. आजींनी तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या आवारातली दोन जुनी जांभळाची झाडे सभागृहासाठी तोडली गेली. त्यांतले एक आजींच्या सासऱ्यांनी लावलेले होते. काम देवाचेच होते, म्हणून आम्ही कोणी बोललो नाही. नकाशा चार हात सरकवता आला असता का, हे विचारायचेही कोणाला सुचले नाही. शलमोनाकडे बोट दाखवताना आमची मान खाली गेली.

या पावसाळ्यात आम्ही सभागृहाच्या मागे जांभळाची दोन रोपे लावली आणि गल्लीतल्या शेळ्या येतात म्हणून भोवती बांबूचे कुंपण घातले. बायबलच्या वर्गातली मुले पाळीपाळीने पाणी घालतात. पहिल्या दिवशी पाणी घालून झाल्यावर आजी म्हणाल्या, "फळ धरायला आठ-दहा वर्षं तरी जातील. मी काही खात नाही ही जांभळं. पण कुंपण घट्ट बांधा हो."

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव एक सुंदर वचन देतो. उंच गंधसरूच्या शेंड्यावरची एक कोवळी डहाळी तो स्वतः खुडणार, ती डोंगरावर लावणार, आणि तिच्या सावलीत सर्व जातींचे पक्षी राहणार. देवाने नव्या सुरुवातीसाठी डौलदार बुंधा निवडला नाही, कोवळा शेंडा निवडला. आपल्या मंडळीतही पाहू या. जुन्या वृक्षांचे आपण कौतुक करतो, पण रोपांभोवती कुंपण आहे का?

प्रार्थना: हे प्रभो, तू लावलेले आम्ही तोडले आणि त्याला तुझेच नाव दिले, त्याची आम्हाला क्षमा कर. ज्याचे फळ आम्ही चाखणार नाही ते रोप राखण्याची बुद्धी आणि धीर आम्हाला दे. आमेन.