शर्यतीच्या मोटारीचा टायर : हाताने बदल व संतुलन

विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे न वापरता शर्यतीच्या मोटारीचा टायर रिमवरून उतरवणे, नवा चढवणे आणि त्या चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करणे. त्यासाठी टॉमी (टायर लिव्हर), हातदांड्याचा बीड ब्रेकर आणि बेअरिंगवर फिरणारा आडवा दांडा एवढी साधने पुरतात. शर्यत चालू असताना पिटमध्ये होते ते चाक बदलणे. ते निराळे काम आहे. २०२३ च्या कतार ग्रां प्रीमध्ये मॅक्लारेन संघाने चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. मात्र फॉर्म्युला वनमध्ये त्या चाकांवर टायर चढवण्याचे व संतुलनाचे काम पिरेलीच्या तंत्रज्ञांनी आधीच केलेले असते. क्लब पातळीवरचे चालक, कार्टिंगचे खेळाडू आणि विद्यार्थ्यांचे संघ यांना ते बहुधा स्वतः करावे लागते. या कामात ताकदीपेक्षा रिमचा आकार समजणे महत्त्वाचे आहे.

इतिहास : एदुआर व आंद्रे मिशेलँ या बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली आणि वाटेत वारंवार झालेली पंक्चर स्वतः काढली. १९०६ साली ल मां येथे २६ व २७ जून रोजी पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली. मोटारीला हात लावण्याची परवानगी फक्त चालक व त्याच्या शेजारी बसणाऱ्या मेकॅनिकला होती. खराब टायर सुरीने कापून काढायचा आणि नवा रिमवर ओढून बसवायचा, यात सुमारे पंधरा मिनिटे जात. मिशेलँने बनवलेल्या सुट्या होणाऱ्या रिमवर टायर हवा भरून तयार असे आणि हेच काम चार मिनिटांच्या आत उरके. अशा रिम वापरणाऱ्या रेनॉ मोटारीतून फेरेंत्स सिस हा हंगेरियन चालक जिंकला. या रिम वजनदार होत्या. मोटारीच्या वजनावर १,००० किलोग्रॅमची मर्यादा असल्याने काही संघांना त्या वापरता आल्या नाहीत. तेव्हापासून टायर चढवण्याचे काम धावपट्टीवरून कार्यशाळेत गेले.

रचना : टायरच्या दोन्ही आतल्या कडांमध्ये पोलादी तारांचे कडे असते, या कडेला बीड म्हणतात. हे कडे ताणले जात नाही. त्याचा व्यास रिमच्या बाहेरच्या ओठापेक्षा लहान असतो, म्हणून टायर सरळ ओढून कधीच निघत नाही. रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. बीडची एक बाजू या पन्हळीत उतरवली की समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि तेवढ्या ढिलाईत कड ओठावरून बाहेर येते. पन्हळ बहुधा एका बाजूला सरकलेली असते. टायर नेहमी पन्हळीला जवळ असलेल्या ओठावरूनच उतरवतात व चढवतात. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केल्यास ढिलाई पुरत नाही, जोर वाढतो आणि बीडच्या तारा तुटू शकतात. तार तुटलेला टायर बाहेरून धड दिसला तरी शर्यतीत वापरू नये.

उतरवणे : आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडतात. बीड ब्रेकरचा पाय टायरच्या भिंतीवर, रिमच्या ओठाला लागून टेकवतात व लांब दांड्याने दाबतात. एकाच जागी जोर न करता चाक थोडे थोडे फिरवत दाब दिला की रिमला चिकटलेली बीड सुटते. दोन्ही बाजू सुटल्यावर कडेला टायरसाठी मिळणारी साबणाची पेस्ट किंवा साबणाचे दाट पाणी लावतात. टॉमी घालताना समोरची बाजू गुडघ्याने पन्हळीत दाबून धरतात. टॉमीचा एकेक घास लहान, साधारण चार बोटांचा घेतात. जोर लावावा लागला तर आणखी ताकद न लावता थांबावे आणि समोरची बाजू पन्हळीतून वर आली आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा तेच कारण असते. अॅल्युमिनियम व मॅग्नेशियमच्या रिमवर ओरखडा पडू नये म्हणून ओठावर प्लॅस्टिकचे संरक्षक लावतात. महामार्गाकडेचा पंक्चरवाला टॉमी आणि हातोडीने ट्रकचा टायर उतरवतो, तोही याच तत्त्वावर.

उतरवलेला टायर लगेच बाजूला टाकू नये. आतल्या खांद्याची झीज बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) वा टो (चाकाच्या पुढच्या टोकाचे आत-बाहेर वळण) यांची मांडणी तपासावी लागते. मधला पट्टा अधिक झिजला असेल तर हवेचा दाब जास्त होता. आतल्या अस्तरावरचे फोड व भेगाही याच वेळी दिसतात. हाताने काम करणाऱ्या चालकाला टायरची ही ओळख प्रत्येक बदलाच्या वेळी होते, आणि वेग वाढवण्यासाठी तिचा उपयोग मोठा आहे.

चढवणे : रिमवरची जुनी पेस्ट, रबर व गंज साफ करून नवा व्हॉल्व्ह बसवतात. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण आणि आतली–बाहेरची बाजू पाहून घेतात. अनेक टायरांवर हलकी जागा दाखवणारा पिवळा ठिपका असतो. तो व्हॉल्व्हसमोर आणतात, कारण व्हॉल्व्हमुळे रिमची ती बाजू थोडी जड असते. ग्रीस किंवा खनिज तेल कधीही वापरू नये. त्याने रबर खराब होते आणि जोराच्या ब्रेकखाली टायर रिमवर सरकतो. तो सरकला की केलेले संतुलन वाया जाते. म्हणून टायर व रिम यांवर एका रेषेत रंगाची खूण करून प्रत्येक फेरीनंतर ती पाहतात.

हवा भरताना बीड रिमवर बसल्याचा मोठा आवाज होतो. या टप्प्यावर मोटारीच्या टायरचा दाब ४० पीएसआयपेक्षा वाढवू नये. तोवर बीड बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावावा. लांब नळी व व्हॉल्व्हला अडकून राहणारा चक वापरावा आणि बाजूला उभे राहावे. टायर हवा धरत नसेल तर त्याच्या परिघाभोवती पट्टा आवळतात. ज्वलनशील फवारा पेटवून बीड बसवण्याची पद्धत जीवघेणी आहे आणि तिला कार्यशाळेत जागा नाही.

संतुलन : चाकाच्या एका बाजूला जास्त वजन असेल तर फिरताना ते बाहेर ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाहेरची त्रिज्या ३० सेंटिमीटर असलेले चाक ताशी २०० किलोमीटरला सेकंदात सुमारे २९ वेळा फिरते. त्याच्या केंद्रापासून २० सेंटिमीटरवर २० ग्रॅम जादा असतील तर सुमारे १४ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ निर्माण होते आणि प्रत्येक फेऱ्यात तिची दिशा बदलते. ताशी १०० किलोमीटरला ती चौथ्या हिश्शावर येते. म्हणूनच शहरात न जाणवणारा दोष सरळ धावपट्टीच्या शेवटी स्टीअरिंगमध्ये जाणवतो.

हाताने स्थिर संतुलन करता येते. शंकूंच्या मदतीने चाक त्याच्या मधल्या भोकावर नेमके केंद्रित करून आडव्या दांड्यावर बसवतात. दांड्याचे बेअरिंग अत्यंत मोकळे हवे. वापरलेल्या स्लिक (नक्षी नसलेल्या) टायरवर धावपट्टीचे रबर चिकटलेले असते. ते गरम हवा व खरवडणीने आधी काढतात, नाहीतर संतुलन त्या कचऱ्याचे होते. चाक सोडले की जड बाजू खाली येऊन थांबते. बरोबर वरच्या बिंदूवर खूण करतात, खूण घड्याळाच्या तीनच्या जागी आणतात आणि चाक हलेनासे होईपर्यंत तिथे चिकटपट्टीने वजने लावत जातात. मग चारही दिशांना थांबवून पाहतात. कुठेही ठेवले तरी चाक तिथेच राहिले पाहिजे. ठरलेले वजन निम्मे आतल्या व निम्मे बाहेरच्या कडेला लावतात. जागा स्पिरिटने पुसून वजने चिकटवतात आणि ब्रेकच्या उष्णतेने ती सुटू नयेत म्हणून वरून अॅल्युमिनियमची पट्टी लावतात. वजन ब्रेक कॅलिपरला घासत नाही हे चाक हाताने फिरवून पाहणे आवश्यक आहे. युरोपीय संघात २००५ पासून मोटारींच्या चाकांसाठी शिशाच्या वजनांवर बंदी असल्याने तिथे जस्त व पोलाद वापरतात.

मर्यादा : चाकाच्या आतल्या कडेला एका बाजूस आणि बाहेरच्या कडेला त्याच्या समोरच्या बाजूस सारखेच जादा वजन असेल तर दांड्यावर ते संतुलित दिसते, पण वेगात डावी–उजवीकडे डोलते. हा गतिक दोष चाक वेगाने फिरवणारे यंत्रच दाखवते. अरुंद चाकांत तो कमी त्रास देतो. रुंद चाकांत स्थिर संतुलनानंतरही थरथर राहिली तर यंत्रावर तपासणी करावी.

दाब : टायर तापला की दाब वाढतो. २५ अंश सेल्सिअसला २२ पीएसआय भरलेली कोरडी हवा ८५ अंशांना सुमारे २९ पीएसआय होते. हवेत ओलावा असेल तर वाढ आणखी व अनिश्चित असते. त्यामुळे अनेक संघ कोरडा नायट्रोजन भरतात. थंड व गरम अशा दोन्ही दाबांची नोंद वहीत ठेवावी.

भारतातील वापर : चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई व कोइंबतूर येथील कारी मोटर स्पीडवे ही देशातील शर्यतींची प्रमुख ठिकाणे आहेत. ‘फॉर्म्युला भारत’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा कारी येथे भरते. मुंबईच्या आयआयटीचा संघ आपली विजेवर चालणारी मोटार घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथेही उतरला आहे. विद्यार्थ्यांच्या मोटारींना बहुधा १० किंवा १३ इंची चाके आणि कार्टना त्याहून लहान चाके असतात. एवढे लहान चाक सर्वसाधारण गॅरेजच्या यंत्रावर अनेकदा नीट पकडता येत नाही. अशा चाकांसाठी हाताची साधने हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि ती वापरण्याचे शिक्षण प्रत्येक विद्यार्थी संघात पहिल्याच वर्षी दिले जावे.