तळटीप : लालबागेतल्या चित्रफिती

* लालबाग हा इंदूरचा होळकरकालीन राजवाडा. त्याच्या आवारातल्या समारंभांच्या जुन्या व्हीएचएस फितींना बुरशी सोडत नाही. व्हीसीआरचे उत्पादनही २०१६ मध्ये थांबले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ५२ (१) (एन) इथे मोलाचे आहे: बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे डिजिटल नसलेली प्रत आधीच असेल, तर जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. ती लोकांना दाखवणे किंवा वाटणे मात्र या सवलतीत येत नाही. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. ‘श्यामची आई’चा (१९५३) हक्क २०१३ अखेर संपला. मराठी ग्रंथालयांनी फिती सडण्याआधी डिजिटल जतनाचे हे काम हाती घ्यावे.