जोर आणि बल : पदार्थविज्ञानाच्या वर्गातील गैरसमजांचा शोध

उभा वर फेकलेला चेंडू चढत असता त्यावर कोणती बले कार्य करतात, असे महाविद्यालयीन वर्गात विचारल्यास पुष्कळ विद्यार्थी गुरुत्वाकर्षणाबरोबर हाताने दिलेले बलही सांगतात. न्यूटनच्या नियमांनुसार चेंडू हातातून सुटताच हे दुसरे बल संपते. उत्तर चूक म्हणून खोडणे सोपे आहे. परंतु ते इतक्यांच्या तोंडी एकसारखे का यावे, ह्याचा पद्धतशीर विचार बराच उशिरा सुरू झाला.

ही कल्पना मात्र जुनी आहे. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात धनुष्यातून सुटलेल्या बाणाची पुढील गती त्यातील संस्कारामुळे होते आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो, असे प्रतिपादन आहे. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानानेही जवळपास हेच मत मांडले. ज्या उत्तरास आज आपण शून्य गुण देतो, ते एके काळी विद्वानांचे उत्तर होते.

१९७९ साली लोरांस व्हिएनो ह्या विदुषीने फ्रान्समधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या अशा उत्तरांत सुसंगती असते, असे दाखविले. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बलसंकल्पनेवरील प्रसिद्ध प्रश्नावली सिद्ध केली. तीतील चुकीचे पर्याय मनाने रचलेले नसून विद्यार्थ्यांच्या स्वाभाविक समजुतींवर आधारलेले आहेत. महाराष्ट्रात हे कार्य १९७४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाले. पानसे, रामदास व कुमार ह्यांच्या १९९४ सालच्या निबंधात असे आढळले की, पदवीपूर्व विद्यार्थी संदर्भचौकट ही एखाद्या वस्तूस जखडलेली व तिच्या आकारापुरतीच मर्यादित मानतात.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट विशेष जाणवते. मराठीत जोर वस्तू'त' असतो, तो ओसरतो, संपतो. शास्त्रातील बल मात्र वस्तू'वर' कार्य करते. 'जोर संपला की चेंडू खाली येतो' हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे. प्रत्यय बदलला की उपपत्ती बदलते. तथापि दोष मराठीचा, असे म्हणता येणार नाही. फ्रेंच व इंग्रजी बोलणारे विद्यार्थीही तीच चूक करतात. भाषा गैरसमज निर्माण करतेच असे नाही. ती त्यास आश्रय देते.

मराठवाड्यातील पुष्कळ विद्यार्थी शालेय विज्ञान मराठीत शिकून महाविद्यालयात इंग्रजी परिभाषेस सामोरे जातात. पाठ केलेल्या इंग्रजी व्याख्येखाली त्यांचा 'जोर' तसाच दडून राहतो आणि परीक्षेत तो दिसतही नाही. म्हणून मोजमापापूर्वी श्रवण हवे : प्रश्न विचारावा, कारण मराठीत सांगू द्यावे व त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत. चूक ज्या भाषेत नांदते, त्या भाषेतच ती प्रथम ओळखता येते.