जेलीफिश-उद्रेक : गोव्याचा किनारा

किनाऱ्यालगत जेलीफिशची संख्या थोड्या काळात बेसुमार वाढणे, किंवा वाऱ्याने व प्रवाहाने त्यांचे थवे एकाच जागी लोटले जाणे. दुसऱ्या प्रकारात नवी पैदास झालेली नसते, हा भेद महत्त्वाचा.

जीवनक्रम : बहुतेक किनारी जातींची पॉलिप ही इवलीशी अवस्था खडक, शिंपले, जेटीचे खांब यांना चिकटून असते. पाण्याचे तापमान व खाद्य जुळून आले, की एकेका पॉलिपचे चकत्यांसारखे थर सुटून पिल्ले बाहेर पडतात. उद्रेकाचे मूळ शोधायचे ते इथे, पुळणीवर नव्हे. निळ्या फुग्यासारखा तरंगणारा ब्लूबॉटल मात्र अनेक जीवांची वसाहत असून तो खरा जेलीफिश नव्हे.

नोंदी : नोव्हेंबर 2020 मध्ये दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांना दंश झाल्याचे ‘दृष्टी मरीन’ या जीवरक्षक संस्थेने कळवले, त्यांतले बहुतेक बागा ते सिकेरी पट्ट्यातले. दंशांचा आकडा पाण्यात उतरलेल्या माणसांवरही अवलंबून असतो. पर्यटन हंगामातल्या अशा आकड्यांवरून उद्रेकाचे मोजमाप करणे चूक आहे. जगभर उद्रेक वाढत आहेत काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. 2013 च्या एका मोठ्या विश्लेषणात सुमारे वीस वर्षांचे चढउतार दिसले.

परिणाम : जेलीफिश प्राणिप्लवक, माशांची अंडी व पिल्ले खातात, बांगडा-तारल्यांच्या तोंडचा घास त्यामुळे कमी होतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, थवा सापडला, की जाळे जड होते, बारीक मासळी बुळबुळीत लगद्याखाली चिरडते आणि ओढणाऱ्यांचे हात चुरचुरतात. उलट, काही माशांची पिल्ले जेलीफिशच्या छत्रीखालीच आसरा घेतात. मेलेले थवे तळाशी कुजताना प्राणवायू खर्च होतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोल समुद्रातले प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागात येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही टंचाई तीव्र होते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर तिची दीर्घकाळ मोजणी केली आहे. टंचाईच्या या काळातला उद्रेक म्हणूनच अधिक घातक ठरू शकतो.

पेडणे तालुका : मोरजीला अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या आहारात जेलीफिश येतात. तरंगती प्लास्टिक पिशवी कासवे जेलीफिश समजून गिळतात.



उपचार : जखम चोळू नये, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. ब्लूबॉटलच्या दंशावर व्हिनेगर लावण्याबाबत मतभेद आहेत. सोसवेल इतक्या गरम पाण्याने वेदना कमी होतात. श्वास लागल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. वाळूवर मरून पडलेल्या जिवाचे तंतूही डंख करतात.