लासलगावचा भाव ठरतो कुठे?

कांदा महागला की टीव्हीवाले लासलगावला येतात, ट्रॅक्टरच्या रांगा दाखवतात, 'आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ' म्हणतात आणि निघून जातात. मी निफाड तालुक्यातलाच. हे गाव एवढं मोठं झालं कसं, ते थोडक्यात सांगतो.

पहिलं कारण रेल्वे. जुन्या काळी मान होता शेजारच्या विंचूरला, सरदार विंचूरकरांचं गाव ते. पण १८६० च्या दशकात नाशिक-मनमाडमार्गे भुसावळकडे रेल्वे गेली आणि स्टेशन मिळालं लासलगावला.

दुसरं कारण कायदा. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच तो कळायचा नाही. वर वजनात मार, नाना कपाती. हे थांबवायला मुंबई प्रांतात १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आला आणि १९४७ साली लासलगाव बाजार समिती झाली. उघडा लिलाव, काट्यावर वजन, हातात पावती. व्यापाऱ्यांशी भांडणं आजही होतात, पण बोली सगळ्यांसमोर लागते. ही कमाई छोटी नाही.

पण बोली इथे लागते आणि भाव दिल्लीत ठरतो. १९९८ ला दिल्लीतलं राज्य सरकार निवडणूक हरलं, त्यात महागलेल्या कांद्याचा मोठा वाटा होता. तेव्हापासून भाव चढला की प्रत्येक सरकारला घाम फुटतो, पक्ष कुठलाही असो.

२०२३ चंच बघा. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. डिसेंबरात बाजारात येतो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने ठेवता येतो, लाल टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणजे शेतकऱ्याला थांबायची सोयच नव्हती. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर लाल कांदा मातीमोल विकून झाला होता.

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे मान्यच. पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानेच का मोजायची? निर्यातीचं धोरण लागवडीच्या आधी जाहीर करा आणि पीक निघेपर्यंत बदलू नका. मधेच बदलायची वेळ आलीच, तर फरक सरकारने भरावा.

१९३९ च्या कायद्याने रुमाल काढला. आता दिल्लीतला रुमाल कोण काढणार?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये बोलू.